हिरव्या वायरीचा जोडीदार

माझ्या नवऱ्याला लग्नाच्या पंगतीत वेळेवर बसवणं अवघड काम आहे. जेवणावर राग नाही, पण मांडवाच्या मागे जनरेटर लावलेला असतो आणि तो कसा चाललाय हे बघितल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात सगळे मोठ्या जावयाला शोधत होते, आणि जावई जनरेटरवाल्याशेजारी उकिडवे बसून त्याला विचारत होते, "ह्यो मधनंच धाप का टाकतोय?" दवाखान्यात नेलं तर रक्तदाब मोजायचा पट्टा डॉक्टरांनी दंडाला गुंडाळायच्या आधी हे तो उलटून बघतात.

त्यांचं नाव पार्श्वनाथ. मूळचे शिरोळकडचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांना सगळे पारिसअण्णा म्हणतात, आमची मुलगी त्रिशलाही अण्णाच म्हणते. माझं घरात ‘अहो’वर भागतं, पण इथं मी पार्श्वनाथ असंच लिहिते.

बरीच वर्षं त्यांचं उद्यमनगरात मोटर भरायचं दुकान होतं. नदीकाठच्या पंपांच्या मोटरी जळायच्या, शेतकरी त्या पोत्यात घालून आणायचे आणि हे आतली काळी पडलेली तार उपसून नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायचे. वेढे घालताना ओठ हलायचे. तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, मीसुद्धा नाही. त्या कामातला एक नियम त्यांच्या हातात पक्का बसला होता. तारेचं एक टोक आणि त्याच्या जोडीचं टोक शेजारी-शेजारी ठेवायचं, मधे परकं टोक येऊ द्यायचं नाही. आलं की मोटर गेली. "जोडीला जोडी," असं ते म्हणायचे. घरी कपडे वाळत घालतानाही मोज्याशेजारी त्याच्याच जोडीचा मोजा लागतो त्यांना.

पुढे मोटर भरून घेण्यापेक्षा लोक नवीच घ्यायला लागले. दुकान बंद केलं आणि पार्श्वनाथ ऑफिसांच्या वायरिंगकडे वळले. आधी दिवे-पंखे, मग कॉम्प्युटर एकमेकांना जोडायच्या वायरी. ते कुणाकडे शिकायला गेले नाहीत. बघितलं, उघडलं, जोडलं.

मी शाहूपुरीतल्या एका बियाणे-खतांच्या ऑफिसात हिशेब बघते. आमचा हॉल म्हणजे पूर्वीचं गुळाचं गोदाम. रुंदीला बेताचा आणि लांबीला इतका की पुढून हाक मारली तर मागच्या माणसाला दुसऱ्यांदा मारावी लागते. पुढे मालकांची केबिन, तिच्या भिंतीवर एक डबा. प्रत्येक टेबलाची वायर येऊन या डब्यात मिळते. त्याला स्विच म्हणतात, पण त्याला दाबायचं बटण काही नाही, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा गंमत वाटली होती.

२०१९ च्या महापुरात आमच्या हॉलमध्ये टेबलांपर्यंत पाणी आलं. वायरी चिखलात कुजल्या. तेव्हा नव्या वायरी पार्श्वनाथनी घातल्या. वायरींच्या टोकांना बसवायला चकचकीत धातूचं आवरण असलेले प्लग आणले, कारण ते मजबूत दिसत होते. वायरी भिंतीवरून अशा नेल्या की कुठं झोळ नाही, वाकडं वळण नाही. आमचे मालक विश्वजित आल्यागेल्याला दाखवायचे. नवीन गिऱ्हाईक काम द्यायला कचरलं की पार्श्वनाथ त्याला आमच्याच हॉलमध्ये घेऊन यायचे आणि काही न बोलता उभे राहायचे. वायरी बघून माणूस हो म्हणायचा. त्यांच्याकडे दुकानाची पाटी नव्हती, आमच्या हॉलची भिंत हीच त्यांची पाटी.

यंदा ऑफिसात बिलं करायची नवी पद्धत आली. पूर्वी प्रत्येकाचं काम त्याच्या-त्याच्या कॉम्प्युटरमध्ये असायचं. आता सगळं केबिनमधल्या एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि साधं बिल उघडायचं तरी ते वायरीतून टेबलावर यावं लागतं. पुढच्या टेबलांवर ते पटकन येई. मागच्या टेबलांवर येईना. सगळ्यात शेवटचं टेबल तेजस्वीचं. ती अस्सल कोल्हापूरची, त्यामुळे स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलते.

"दीपाकाकू, मी बिलाला बोलावणं धाडलंय," ती म्हणायची. "त्ये येईस्तवर मी चहा पिऊन येतो."

बाहेर दुकानदार टेम्पो लावून उभे. एकदा विश्वजित स्वतः तेजस्वीच्या खुर्चीत बसून बघून आले आणि माझ्या टेबलाशी थांबले.

"काकू, राग मानू नगा. मिरीग तोंडावर आलाय, बियाण्याची गर्दी सुरू हुईल. पुण्याच्या कंपनीला बोलावतो. ते म्हणत्यात, जुनी वायर सगळी उचकटून नवी घालू."

मी मान डोलावली. भिंत उचकटली की शाहूपुरीत दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळणार. मग पार्श्वनाथ नव्या गिऱ्हाईकाला कुठं नेऊन उभे राहणार? आणि त्यांच्या वयाला आता तिसरा धंदा कुठला?

ते सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, त्यामुळे आमच्या घरातलं महत्त्वाचं बोलणं उजेड असतानाच्या जेवणात होतं. मी भाजी वाढता-वाढता सांगितलं.

"उचकटायला काय झालंय तिला?" एवढंच म्हणाले. आमटी दुसऱ्यांदा घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी आले ते त्यांचा टेस्टर घेऊन. ही दोन लहान डब्यांची जोडी असते. एक डबा वायरीच्या या टोकाला लावायचा, दुसरा त्या टोकाला. वायरीच्या आत आठ बारीक तारा असतात. एकेक तार नीट पोचली की त्या नंबरचा दिवा लागतो. तेजस्वीच्या वायरीवर आठही दिवे ओळीनं लागले.

"बघ," मला म्हणाले. "वायर चोख हाय."

पण ते गेले नाहीत. तेजस्वीच्या मागे स्टूल घेऊन बसले. दुपारी इमारतीच्या टाकीत पाणी चढवायची मोटर सुरू झाली आणि तेजस्वीचं बिल अर्ध्यावर थिजलं. मोटर बंद झाली, बिल पुढे सरकलं. पार्श्वनाथचे डोळे चमकले. मोटर म्हणजे त्यांच्या घरातलं माणूस.

"गावली," ते म्हणाले. "मोटरीच्या करंटची वायर आन आपली वायर भिंतीवरच्या एकाच पट्टीतनं गेल्यात. ती हिला तरास देतीया."

रविवारी येऊन त्यांनी मागच्या वायरी मोटरीच्या वायरीपासून हातभर लांब घेतल्या. सोमवारी थोडा फरक पडला. तेजस्वी म्हणाली, "चहा पिऊन येईस्तवर येत नव्हतं, आता चहा पिता-पिता येतंय." दोन दिवसांनी गर्दी वाढली आणि परत तेच.

विश्वजितनीच मग विषय काढला. "त्रिशला हेच काम करती न्हवं? तिला बोलवा की. पुण्याचे लोक काय, कवाबी येतील."

त्रिशलाचा डिप्लोमा झालाय. राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीत ती ऑफिसांची नेटवर्कं बघते. मला तिची काळजी वेगळ्या कारणांसाठी असते. ही शिड्यांवर चढते, पावसात स्कूटरवरून फिरते, जेवायचं विसरते. पण या वेळी भीती दुसरीच होती. बापाचं काम लेकीनं तपासायचं, आणि त्यात काही निघालं तर? मी तिला म्हटलं, "तुझ्या कंपनीतल्या दुसऱ्या कुणाला पाठव ना."

"आई, दुसरा कुणी आला तर अण्णांशी धड बोलणार पण नाही," ती म्हणाली.

ऑफिस बंद असतं म्हणून रविवार ठरवला. किल्ली माझ्याकडे होती. तेजस्वी हौसेनं आली, म्हणाली, "माझ्या टेबलाचा पंचनामा हाय, मी नसून कसं चालंल?"

त्रिशलानं आल्या-आल्या काही केलंच नाही. हनुवटीवर हात ठेवून शेवटच्या टेबलापासून पुढच्या डब्यापर्यंत नुसती वायर बघत चालत गेली. ही सवय कुणाची ते सांगायला नको. मग म्हणाली, "अण्णा, मागचा कॉम्प्युटर उचलून पुढच्या टेबलावर ठेवूया."

ठेवला. तिथं तो पळायला लागला. पुढचा चांगला कॉम्प्युटर मागं नेला, तर तो रांगायला लागला.

"म्हणजे कॉम्प्युटर बिचारे निर्दोष," ती म्हणाली.

मग भिंतीवरच्या वायरीच्या प्लगपासून कॉम्प्युटरपर्यंत येणारा जोडवायरीचा हातभर तुकडा बदलला. फरक नाही. पुढच्या डब्यात तेजस्वीची वायर एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली. फरक नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परत बघायचं, दोन एकदम बदलायच्या नाहीत, हे ती इतक्या शांतपणे करत होती की मला माझी स्वयंपाकातली घाई आठवली. मीठही घालते आणि गूळही, आणि मग कशानं चव बदलली ते कळत नाही.

मग तिनं पडद्यावर कुठंतरी जाऊन मला एक आकडा दाखवला. पुढच्या टेबलावर हजार होता, मागच्यावर शंभर.

"हे काय?"

"वायरीच्या दोन टोकांची यंत्रं आधी एकमेकांशी बोलून वेग ठरवतात, आई. वायर चांगली वाटली तर हजार. संशय आला तर शंभरावर येतात."

"आपण कुणी सांगायचं नाही?"

"नाही. त्यांचं तेच ठरवतात."

मला हे फार आवडलं. दोन यंत्रं भिंतीतून एकमेकांना विचारतायत, झेपेल का तुला? आणि एक म्हणतंय, नको, हळू चालूया.

"आणि शंभरानंसुद्धा नीट चाललं असतं," त्रिशला म्हणाली. "पण हे बघ." तिनं दुसरा आकडा दाखवला. वायरीतून माहिती छोट्या-छोट्या पाकिटांत जाते, आणि वाटेत खराब झालेली पाकिटं हा आकडा मोजतो. खराब झालं की तेच परत पाठवायचं. आम्ही बघत असतानाच आकडा वाढत होता. तेजस्वी जाऊन पाण्याची मोटर चालू करून आली, तेव्हा तर तो भराभर चढायला लागला.

"म्हणजे मोटरच," पार्श्वनाथ म्हणाले.

"मोटर आहेच, अण्णा. पण चांगल्या वायरीनं मोटरीला एवढं भ्यायचं कारण नाही." ती त्यांच्याकडे न बघता बोलत होती. "वायरीतच काहीतरी आहे."

"टेस्टरनं पास केलीया."

"टेस्टर एवढंच सांगतो की इकडची एक नंबरची तार तिकडं एक नंबरला पोचली. ती कशी पोचली ते नाही सांगत." मग म्हणाली, "एक टोक कापून उघडून बघू?"

"चालू वायर कापायची न्हाय," पार्श्वनाथ म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्रिशलानं वायरीवरचा हात काढला.

तेजस्वी हळूच म्हणाली, "अण्णा, चालू कुठं हाय? रांगतिया की."

मला वाटलं आता हे उठून जातील. ते उठले खरे. पिशवीतून कटर काढला आणि त्रिशलाच्या हातात दिला.

तिनं तेजस्वीच्या टेबलाकडचा प्लग कापला. पक्कडीनं त्याचं धातूचं आवरण सोललं. आत आठ तारा आठ घरांत एका ओळीत बसल्या होत्या, आणि दिसायला इतक्या सुंदर की मी वाकून बघितलं. एक पांढऱ्या पट्ट्याची नारिंगी, शेजारी पूर्ण नारिंगी. पांढऱ्या पट्ट्याची हिरवी, शेजारी पूर्ण हिरवी. मग निळ्या दोघी, मग तपकिरी दोघी.

त्रिशलाचं बोट हिरव्या जोडीवर थांबलं.

"का?" पार्श्वनाथ म्हणाले. "बरोबर हाय की. जोडीला जोडी."

"अण्णा, ही रांग तुम्ही कुठनं घेतलीत?"

"प्लगच्या खोक्यावर चित्र व्हतं. त्यात हिरव्याची जोडी फोडल्याली. एक हिरवी तिसऱ्या घरात, दुसरी सहाव्या, आन मधी निळं जोडपं. मला वाटलं छापणाऱ्यानं घोळ केलाय. मी दुरुस्त केलं."

तेजस्वी हसली आणि लगेच हसू आवरलं.

"छापणारा बरोबर होता, अण्णा," त्रिशला म्हणाली.

ती जमिनीवर बसली आणि वायरीचं वरचं साल हातभर सोललं. आत प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून आल्या होत्या. ती सांगायला लागली. एका जोडीतून एकच निरोप जातो, एका तारेत सुलटा, दुसरीत उलटा. बाहेरून मोटरीचा धक्का बसला तर पीळ असल्यामुळे तो दोघींना सारखाच बसतो, आणि पलीकडचं यंत्र दोघींतला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे धक्का आपोआप वजा होतो.

"पण यंत्राला रंग कळत नाही," ती म्हणाली. "त्याला घरांचे नंबर कळतात. ते तिसऱ्या आणि सहाव्या घराला जोडी समजतं. तुमच्या रांगेत तिसऱ्यात हिरवी आहे आणि सहाव्यात निळी. त्या दोघींचा पीळ एकत्र नाहीच."

पार्श्वनाथनी ती पिळलेली हिरवी जोडी बोटांत धरली, थोडी उलगडली, परत पिळली. मी त्यांचा चेहरा बघत होते. मला तिथं लाज दिसेल अशी भीती होती. ती असेलही. पण त्यांनी विचारलं ते असं, "मग इतकी वर्षं चाललं कसं?"

"पूर्वी वायरीतून जायचंच थोडं. आणि जवळच्या टेबलांना वायर आखूड, तिथं चूक खपून जाते. लांब वायरीत ती साठत जाते."

"आन तिसरं आन सहावंच का? तिसरं आन चौथं का न्हाई?"

"तसं ठरलंय."

"ठरवलं कुणी?"

"मला नाही माहीत, अण्णा. कॉलेजात पाठ करून घेतलं."

ते ‘हं’ म्हणाले. पण त्या ‘हं’नं त्यांचं समाधान झालं नव्हतं, हे मला माहीत आहे.

त्रिशलानं तेजस्वीच्या वायरीची दोन्ही टोकं नव्या रांगेनं बसवली. पडद्यावर हजार आलं. तेजस्वीनं बिलावर बोट दाबलं आणि बोट उचलायच्या आत बिल समोर. तिनं पाण्याची मोटर लावली, खराब पाकिटांचा आकडा जागचा हलला नाही.

"आता चहाला कवा जायचं मी?" तेजस्वी म्हणाली.

बाकीची टोकं बाप-लेकीनं मिळून बदलली. पार्श्वनाथनी स्वतःच्या हातानं लावलेले चकचकीत प्लग एकेक कापून पिशवीत टाकले.

घरी जाताना मी म्हटलं, "उद्या विश्वजितना सांगते, पुरानंतरची ओल लागून प्लग गंजले होते."

त्रिशला म्हणाली, "‘टोकं बदलली’ एवढंच सांग. ते खोटं पण नाही."

पार्श्वनाथ पिशवीतले कापलेले प्लग चाचपत चालत होते. सोमवारी मी ऑफिसात पोचायच्या आधी ते केबिनच्या दारात उभे.

"काय गावलं अण्णा?" विश्वजित खुशीत होते. "मोटरच व्हती न्हवं?"

"मोटर न्हाय. मी व्हतो." आणि मग त्यांनी टेबलावरचे आठ पेन उचलून रांगेत मांडले आणि कुठला पेन कुठं चुकला ते सगळं समजावून सांगितलं. ऑफिसातली माणसं दारात गोळा झाली होती. मी माझ्या खुर्चीत बसून कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत होते.

विश्वजित म्हणाले, "अण्णा, न्हाय सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"तुझं चाललं असतं."

"मग आता बाहेर तरी बोलू नगा. पुण्याच्या लोकांना मी नको म्हणून सांगतो, विषय संपला. उगा धंदा बसंल तुमचा."

विषय संपला नव्हता, कारण पार्श्वनाथनी आमच्या हॉलनंतर जिथं-जिथं वायरी घातल्या, तिथं-तिथं हीच रांग लावली होती. त्या दिवशीच्या जेवणात ते एकेक ठिकाण आठवायला लागले. दाताचे डॉक्टर, चंदगडच्या काजू कारखान्याचं ऑफिस, जयसिंगपूरचं कृष्णातमामांचं दुकान.

"कुणी तक्रार केलीय का?" मी विचारलं.

"तेजस्वीनं इतकी वर्षं केली नव्हती. म्हणून बरोबर व्हतं व्हय?"

त्रिशला म्हणाली, "अण्णा, दातांच्या डॉक्टरांकडे दोन हात वायर आहे. तिथं काही होणार नाही."

"आज न्हाय हुणार. तुझ्या आईच्या ऑफिसातबी आधी काय हुईत नव्हतं."

मला रागच आला. माणूस स्वतःच्या चुकीची दवंडी पिटत फिरणार, आणि उद्या काम मिळालं नाही की घरात बसून पंखे खोलणार. पण त्यांना एकटं जाऊ द्यायचा धीर होईना. कुणी चारचौघांत काही बोललं तर? मी रजा टाकली आणि जयसिंगपूरच्या एसटीत त्यांच्या शेजारी बसले.

कृष्णातमामांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे अंगण आणि पलीकडे गोदाम. एक कॉम्प्युटर काउंटरवर, एक गोदामात, दोन्ही एका लांब वायरीनं जोडलेले. मामा आमचे नातेवाईक नव्हेत. शिरोळच्या त्यांच्या पंपाची मोटर पार्श्वनाथनी कितीदा भरून दिलेली, तेव्हापासूनची ओळख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पान जुळवत होते, ते तसंच हातात राहिलं.

"पारिस," ते म्हणाले, "स्वतःची चूक सांगायला एसटीचं तिकीट काढून येणारा माणूस मी पयल्यांदा बघितला."

"अर्ध्या तासाचं काम हाय, मामा. दोन टोकं बदलतो."

"आन ती बरोबर बसतील कशावरनं? मागल्या टायमाला बी तू बरोबरच बसवली व्हतीस की."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली.

"चालू हाय तवर हात लावायचा न्हाय," मामा म्हणाले. "तुझी पोरगी शिकल्याली हाय म्हणतोस न्हवं? तिला पाठव. तिनं लावली तर लावू दे."

"पाठवतो," पार्श्वनाथ म्हणाले, आणि चहा घेऊन आम्ही निघालो.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. हातकणंगले गेल्यावर म्हटलं, "इतकं बोलायचं कारण नव्हतं त्यांना."

"चुकीचं काय बोलला?" ते म्हणाले. "एकानं भरल्याली मोटर लगेच बिघडली, तर मी तरी परत त्याच्याकडं दिली असती व्हय?" मग जरा वेळानं, "त्याच्या गोदामाची वायर आपल्या हॉलपेक्षा लांब हाय. तिथं आकडा किती येतोय बघायला पायजे."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. त्रिशलानं गोदामातल्या कॉम्प्युटरवर आकडे काढून मामांना दाखवले. शंभर, आणि शेजारी वाढत जाणारी खराब पाकिटं.

"आयला," मामा म्हणाले. "मला वाटायचं, गोदामातला कॉम्प्युटर जुना झालाय म्हणून दमतोय. बदलायच्या इचारात हुतो."

त्रिशला गोदामातल्या टोकाशी बसली. मामांनी पार्श्वनाथना अंगणात खुर्ची टाकून दिली, म्हणजे पाहुणचारही झाला आणि ते वायरीपासून लांबही राहिले. पार्श्वनाथ हात मांडीवर ठेवून निमूट बसले. मला ते बघवेना. ज्या बोटांनी याच माणसाच्या मोटरी भरून दिल्या ती बोटं अशी रिकामी.

एक टोक झालं. त्रिशला काउंटरवरच्या टोकाकडे आली, तसे मामा तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. नारिंगी जोडी झाली, एक हिरवी झाली, आणि तिनं निळ्या उचलल्या.

"थांब, थांब," मामा म्हणाले. "ह्या हिरवीची जोडीदारीण कुठं ऱ्हायली? मधी निळं जोडपं कशाला घुसतंय? पारिसचंच बरोबर दिसतंय की."

अंगणातून पार्श्वनाथ पहिल्यांदा बोलले. "मीबी हेच विचारत हुतो."

त्रिशला हसली. "अण्णांनी विचारल्यापासून मी शोधत होते. परवा सापडलं. मामा, तुमच्याकडं जुना तारेचा फोन आहे का अजून?"

काउंटरखाली होता. धुळीनं भरलेला, वायर गुंडाळलेला. त्रिशलानं त्याच्या वायरीचा छोटा प्लग फडक्यानं पुसला आणि उजेडात धरला. त्याच्या पुढच्या तोंडात सोनेरी पट्ट्या दोनच होत्या, अगदी मध्यावर. दोन्ही बाजूंची घरं मोकळी.

"फोन आधी आला," ती म्हणाली. "त्याच्या दोन तारा मधल्या घरांत. घरात दुसरी फोनलाइन आली, तर पहिलीला न हलवता तिच्या दोन तारा दोन्ही बाजूंना बसवल्या. पुढं कॉम्प्युटर आले, प्लग मोठा झाला, पण मधली घरं तशीच राहिली. चौथं-पाचवं पहिल्या जोडीचं, तिसरं-सहावं दुसरीचं."

पार्श्वनाथ खुर्चीवरून कधी उठले आणि काउंटरपाशी कधी आले ते मला कळलं नाही. त्यांनी तो प्लग तिच्या हातातून घेतला आणि त्या दोन पट्ट्यांकडे असे बघत राहिले, जसं कुणी दूरच्या नातेवाइकाच्या चेहऱ्यात आपल्या घरातलं नाक ओळखावं.

"म्हणजे छापणाऱ्यानं नुसतं छापलं न्हाय," ते म्हणाले. "त्याला कारण व्हतं."

"फोन आता बंदच आहे," त्रिशला म्हणाली. "तरी त्याची जागा कुणी घेतली नाही."

मामांनी फोन स्वतःकडे ओढून उलटा केला. "आत काय असतंय रं ह्याच्या, पारिस? इतकी वर्षं वाजत हुता, कधी बघितलं न्हाय."

"मी तरी कुठं बघितलंय. चार स्क्रू हायत."

मामांनी ड्रॉवर उघडला, खडखड करत हात घातला आणि स्क्रू-ड्रायव्हर काढून पार्श्वनाथच्या हातात दिला. दोघांची डोकी फोनवर वाकली. पलीकडून त्रिशला म्हणाली, "अण्णा, हे टोक झालं की गोदामातल्या कॉम्प्युटरमागचा दिवा लागतो का ते बघायला कुणीतरी पाहिजे."

"मी जाते," मी म्हटलं, कारण तिला उत्तर द्यायला दोघांतलं कुणीही मान वर करणार नव्हतं.

मी अंगण ओलांडून गोदामात गेले. कॉम्प्युटरच्या मागे, त्रिशलानं नव्यानं बसवलेल्या टोकाशी, हिरवा दिवा लागला होता आणि भराभर लुकलुकत होता.

"लागला," मी ओरडून सांगितलं.

काउंटरवरून उत्तर आलं ते मामांचं. "वैनी, पळत या. ह्यात घंटा हाय. पितळंची."